आयसोट्रेटिनॉइनबरोबर कॉडलिव्हर, मल्टीव्हिटॅमिन आणि 'डी'चं पाकीट : काय चालेल, काय थांबवावं?

माडाची_सावली (वेंगुर्ला)

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. वय २३, वजन ५२ किलो. पिंपल्ससाठी कोल्हापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइन २० मिग्रॅ रोज एक दिली आहे, तीन आठवडे झाले. त्याआधी दोन महिने डॉक्सीसायक्लीन १०० (अँटिबायोटिक) चालू होती, तिच्या आठ-दहा गोळ्या घरात उरल्यात. पुढची तारीख महिन्याने आहे, तोवर घाट चढून जाणं जमणार नाही.

घरात बाकी काय चालू आहे तेही लिहिते, कारण यातलं निम्मं डॉक्टरांना सांगितलेलंच नाही. मल्टीव्हिटॅमिन रोज एक, वर्षभर चालू (पाकिटावर व्हिटॅमिन ए ५००० आययू लिहिलंय). त्वचा कोरडी पडली म्हणून आजीने कॉडलिव्हर (कॉड माशाच्या यकृताचं तेल) सुरू करायला लावलं, रोज दोन कॅप्सूल. ओठ फुटले म्हणून बी-कॉम्प्लेक्स. केस गळतात म्हणून बायोटिन १० मिग्रॅ. व्हिटॅमिन डी कमी आलं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक दिलंय. हिमोग्लोबिन ९.८, त्यासाठी लोहाची गोळी. शिवाय अंधार पडला की नीट दिसत नाही असं ती आठवडाभर म्हणतेय. त्यावर शेजारच्या काकी म्हणाल्या, ही ए जीवनसत्त्वाची कमतरता, त्याची कॅप्सूल घे. आणि फोड कमी व्हायच्या ऐवजी वाढलेत, तर उरलेली डॉक्सी जोडीला घेतली तर चालेल का?

आयसोट्रेटिनॉइन ती सकाळी पेजेबरोबर घेते. जेवणात मासे रोजच असतात. वैशाखात लग्न आहे.

औषधांची_चिठ्ठी (कुडाळ)

ताई, डॉक्सीच्या उरलेल्या गोळ्या आधी तिच्या हाताशी ठेवू नका. आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सीसायक्लीन (किंवा मिनोसायक्लीन) एकत्र घेणं वर्ज्य आहे. दोन्हींमुळे कवटीतला दाब वाढू शकतो, आणि एकत्र घेतल्यावर तो धोका जास्त. सकाळी उठल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढणारी डोकेदुखी, उलटी, धूसर किंवा दोन-दोन दिसणं, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर होणारा आवाज, यातलं काही झालं तर गोळी त्याच दिवशी बंद करायची आणि दवाखाना गाठायचा. पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. पहिल्या महिन्यात फोड वाढणं या औषधात बऱ्याच जणांना होतं. त्यावर काय द्यायचं ते त्याच डॉक्टरांना फोन करून विचारा, घरातल्या उरलेल्या पट्टीतून ठरवू नका.

आता व्हिटॅमिन ए. आयसोट्रेटिनॉइन हे ए जीवनसत्त्वाच्याच कुळातलं औषध आहे. कोरडे ओठ, सोलणारी त्वचा, केस गळणं, सांधे दुखणं, डोकं दुखणं हे याचे दुष्परिणाम, आणि शरीरात ए जास्त झालं की दिसणारी लक्षणंही जवळपास हीच. म्हणून औषध चालू असताना वरून ए घेतलं की दोन्हींचा भार एकावर एक चढतो आणि तो यकृतावर येतो. मल्टीव्हिटॅमिन आणि कॉडलिव्हर दोन्ही आजपासून बंद. तीन आठवडे घेतलं म्हणून घाबरायचं कारण नाही, पण फोनवर डॉक्टरांना सांगा म्हणजे पुढच्या रक्ततपासणीत ते यकृताकडे नीट बघतील.

पाकीट वाचायचं कसं ते सांगतो, कारण "व्हिटॅमिन ए" हे शब्द प्रत्येक वेळी असतातच असं नाही. रेटिनॉल, रेटिनिल पाल्मिटेट, रेटिनिल ॲसिटेट ही सगळी तयार ए. आययूचे मायक्रोग्रॅम करायचे तर ३.३३ ने भागा. म्हणजे ५००० आययू = सुमारे १५०० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज हजार मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर, आणि औषध नसतानाही वरची मर्यादा ३००० मायक्रोग्रॅम धरतात. बहिणीच्या एका गोळीतच गरजेपेक्षा जास्त ए होतं, वर कॉडलिव्हर. बीटा कॅरोटीन मात्र वेगळं. ते शरीर लागेल तेवढंच ए मध्ये बदलतं, म्हणून गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, आंबा काहीही बंद करायची गरज नाही. मेडिकलमधून गोळी घेताना "यात ए नको" एवढं स्पष्ट सांगा. नुसतं "चांगलं मल्टीव्हिटॅमिन द्या" म्हटलं तर बहुतेक ए असलेलंच हातात पडेल. 'ए आणि डी' अशी जोडकॅप्सूलही मिळते. डी मागायला गेलेल्याला कधी तीच मिळते, तेव्हा पट्टी उलटून बघा.

अंधारात दिसत नाही हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि काकींचं गणित इथे नेमकं उलटं पडतं. रातांधळेपणा म्हणजे ए ची कमतरता हे शाळेत शिकलेलं बरोबर आहे, पण आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्याच्या बाबतीत नाही. हे औषध डोळ्याच्या पडद्यावर ए जे चक्र चालवतं त्यात अडथळा आणतं, त्यामुळे पुरेसं ए असूनही अंधुक उजेडात दिसणं कमी होतं. वरून ए घेऊन ते सुधारत नाही, विषारीपणा तेवढा वाढतो. हे लक्षण डॉक्टरांना याच आठवड्यात कळवायचं, आणि तोवर रात्री स्कूटर चालवायची नाही. पहाटे अंधारात होडीवर जाणाऱ्या मुलांनाही हे औषध दिलेलं असतं, त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

सुकट_बोंबील (मालवण)

मग मासे बंद का? आमच्याकडे रोज बांगडा नाहीतर तारली. आणि कॉडलिव्हर बंद तर फिश ऑइलच्या कॅप्सूलही बंद समजायच्या का?

औषधांची_चिठ्ठी (कुडाळ)

मासे चालू ठेवा. ए साठतं ते माशाच्या यकृतात. बांगडा, तारली, सुरमईच्या मांसात ते नगण्य असतं, तिथे ओमेगा-३ आणि थोडं डी मिळतं. मोरीचं (लहान शार्कचं) मटण खायला हरकत नाही, पण तिचं काळीज बाजूला ठेवा. शार्क माशांच्या यकृतात ए फार असतं. हाच हिशेब बोकडाच्या कलेजीला लावा. शंभर ग्रॅम कलेजीत ३००० मायक्रोग्रॅमच्या कितीतरी वर ए असू शकतं, म्हणून औषध संपेपर्यंत ती टाळा. अशक्तपणा आला म्हणून मुलींना कलेजी खाऊ घालायची पद्धत घरोघरी आहे, ती इथे अडचणीची ठरते.

फिश ऑइल आणि फिश लिव्हर ऑइल यांत फरक आहे. पहिलं माशाच्या मांसातून काढलेलं, दुसरं यकृतातून. बाटलीवर "लिव्हर" हा शब्द असेल तर नको. नुसतं फिश ऑइल असेल आणि घटकांत ए लिहिलेलं नसेल तर आयसोट्रेटिनॉइनबरोबर त्याचं भांडण नाही.

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

चिठ्ठी यांनी जे लिहिलंय ते सगळं बरोबर. लग्नाचा मुद्दा मात्र राहिला, आणि तो मला सर्वांत वर हवा होता.

आयसोट्रेटिनॉइन चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग होण्याचा धोका खूप मोठा आहे, अगदी थोड्या दिवसांच्या डोसनेही. शेवटची गोळी घेतल्यावर पूर्ण एक महिना जाईपर्यंत गर्भधारणा होता कामा नये. आता हिशेब मांडा. साधारण पूर्ण कोर्स वजनाच्या प्रति किलो १२० ते १५० मिग्रॅ धरतात. ५२ किलोला १२० ने गुणलं तर ६२४० मिग्रॅ. रोज २० मिग्रॅने हे गाठायला ३१२ दिवस लागतात, म्हणजे दहा महिन्यांच्या वर. वैशाखापर्यंत ते बसेल का ते तुम्हीच मोजा. डॉक्टरांना लग्नाची तारीख सांगितली तर ते डोस वाढवतील, आधी थांबवतील किंवा वेगळं काही ठरवतील. न सांगता लग्न होऊन गेलं आणि गोळ्या चालूच राहिल्या तर ते फार वाईट होईल. यात लाजण्यासारखं काही नाही, ताईनेच फोन करून सांगावं. त्याच काळात आणि नंतर महिनाभर रक्तदानही नाही, कारण ते रक्त गरोदर बाईला चढू शकतं. लग्नाआधी चेहऱ्याचं किंवा हातांचं वॅक्सिंग ठरवलं असेल तर तेही रद्द करा. औषध चालू असताना आणि नंतर सहा महिने वॅक्सबरोबर कातडी सोलून येते, डाग राहतात.

पेज हा दुसरा घोटाळा. हे औषध चरबीत विरघळतं. रिकाम्या पोटी घेतलं तर भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्याच्या निम्म्याहूनही कमी शोषलं जातं. उकड्या तांदळाच्या पेजेत आणि लोणच्याच्या फोडीत स्निग्धता कुठली? म्हणजे ती २० मिग्रॅ घेते पण अंगी लागतं दहाच्या आसपास. गोळी दुपारच्या जेवणात घालायची. ओल्या नारळाच्या वाटणाची आमटी, सोलकढी, तळलेली तुकडी असलेलं ताट त्यासाठी पुरतं. उपासाच्या दिवशी दाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी चालते, नुसतं फळ आणि चहा नाही. एक सावधगिरी अशी की पेजेवरून जेवणावर आलं की शरीरात जाणारं औषध अचानक वाढेल, कोरडेपणाही वाढेल. म्हणून हे बदलतानाही डॉक्टरांना कळवा, अंधुक दिसतंय म्हटल्यावर तर नक्कीच आधी विचारा.

डी चं पाकीट चालू राहू दे. डी मुळे ए चा भार वाढत नाही. तेही चरबीत विरघळणारं, म्हणून त्याच दुपारच्या जेवणानंतर. पण ते आठवड्याला एक, वार ठरवून. ६०,००० युनिट रोज घेऊन कॅल्शियम वाढलेले, उलट्या आणि मूत्रपिंडाचा त्रास घेऊन येणारे रुग्ण हा खरा प्रकार आहे. चिठ्ठीवर जितके आठवडे लिहिलेत तितकेच, मग थांबून डॉक्टरांना विचारायचं.

लोहाची गोळीही चालू ठेवा, ९.८ ला ती लागतेच. आयसोट्रेटिनॉइनशी तिचं काही वाकडं नाही. ती सकाळी लिंबूपाण्याबरोबर, चहा त्याच्या दोन तास आधी किंवा नंतर. पोट बिघडलं तर नाश्त्यानंतर, शोषण थोडं कमी होईल एवढंच. शाळा-कॉलेजात मिळणारी आठवड्याची निळी गोळी (६० मिग्रॅ लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड) घेत असेल तर तेही सांगा, दुहेरी होऊ नये.

भरती_ओहोटी (गुहागर)

ई व्हिटॅमिनने कोरडेपणा कमी होतो असं सगळीकडे वाचलंय. ४०० ची हिरवी कॅप्सूल रोज घेतली तर आयसोट्रेटिनॉइनचा त्रास कमी होतो ना?

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

नाही. आयसोट्रेटिनॉइनबरोबर रोज ८०० युनिट ई देऊन तुलना करून पाहिलेली आहे, ओठ-त्वचेच्या त्रासात फरक पडला नाही. मोठ्या डोसात ई रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना जोर देतं, हा वर तोटा. पैसे वाया घालवू नका.

ओठ फुटण्याचंही तेच. बी-कॉम्प्लेक्स घेतल्याने नुकसान नाही, पण हे ओठ बी च्या कमतरतेने फुटलेले नाहीत. औषधाने तेलग्रंथी आखडतात, त्याचा तो परिणाम आहे. ओठांवर साधी पेट्रोलियम जेली दर दोन तासांनी, जेवणाआधी आणि झोपताना जाड थर. ओठ चाटायचे नाहीत, सालं ओढायची नाहीत. नाकातून रक्त येत असेल तर नाकपुडीच्या आत जेलीचं बोट फिरवा. आपल्याकडची दमट हवा आहे म्हणून मॉइश्चरायझर नको असं मुली म्हणतात. घाम म्हणजे ओलावा नव्हे. अंघोळीनंतर तीन मिनिटांच्या आत, अंग ओलसर असतानाच लावा.

बी-कॉम्प्लेक्सपेक्षा मला बी-१२ ची इंजेक्शनं आठवतात. १००० किंवा १५०० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं घेतल्यावर काही जणांच्या चेहऱ्यावर एकसारखे बारीक पुटकुळ्यांचे फोड एकदम उठतात. त्वचेवरच्या जंतूंच्या चयापचयावर १२ चा परिणाम होतो, असं २०१५ च्या संशोधनात दिसलं. बी-१२ खरंच कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं, पण "अंगात त्राण नाही" म्हणून तपासणीशिवाय इंजेक्शन घेतलं आणि मग पिंपल्सची गोळी वाढवली, असं होऊ देऊ नका.

प्रयोगशाळेतून (चिपळूण)

बायोटिनवर कुणी लिहिलं नाही म्हणून. १० मिग्रॅ म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. औषधाशी त्याचं भांडण नाही, पण आमच्या मशीनशी आहे. हार्मोनच्या बऱ्याच तपासण्या ज्या पद्धतीने होतात तिच्यात बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटं कमी येतं, टी-४ खोटं वाढलेलं येतं, आणि थायरॉइड नसताना थायरॉइडचा रिपोर्ट हातात पडतो. बहिणीच्या दृष्टीने याहून गंभीर म्हणजे रक्तातली गर्भधारणेची तपासणी (बीटा एचसीजी) काही मशीनवर खोटी कमी येऊ शकते. आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या बाईच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही. रक्त द्यायच्या तीन दिवस आधी बायोटिन बंद, आणि काउंटरवर सांगायचं. खरं तर बंदच केलं तरी काही बिघडत नाही. औषधाने गळणारे केस बायोटिनने थांबतात याला भक्कम आधार नाही, आणि बहिणीच्या बाबतीत ९.८ हिमोग्लोबिन हेच केस गळायचं मोठं कारण असू शकतं. डॉक्टरांना फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करायला विचारा.

लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करायला येताना १० ते १२ तास उपाशी. आदल्या रात्री पाहुणचार झाला असेल तर ट्रायग्लिसराइड वर गेलेले दिसतात आणि विनाकारण डोस कमी होतो. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी आधीचे दोन-तीन दिवस जड वजनं उचलू नयेत. या औषधात सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) वाढू शकतं, व्यायामाने आणखी वाढतं, आणि यकृताच्या तपासणीतलं एसजीओटी स्नायूंतूनही येत असल्यामुळे यकृत बिघडलं की काय असं वाटतं. त्याच मुलांनी वजन वाढवायच्या पावडरचा डबाही वाचावा, बऱ्याच डब्यांत ए घातलेलं असतं.

हापूस_कलम (देवगड)

बहिणीचं नाही, पण जोडून विचारतो. आयसोट्रेटिनॉइन नाही, फक्त डॉक्सी १०० चालू असेल तर झिंक आणि कॅल्शियम कधी घ्यायचं? एकाच वेळी घेतलेलं चालत नाही एवढंच ऐकलंय. आणि घरात एकीला हार्मोनच्या पिंपल्ससाठी स्पायरोनोलॅक्टोन दिलंय, तिला रोजचं शहाळं चालेल का?

औषधांची_चिठ्ठी (कुडाळ)

डॉक्सीला धातू चिकटतात. कॅल्शियम, लोह, झिंक, मॅग्नेशियम आणि ॲसिडिटीच्या पांढऱ्या पातळ औषधातलं ॲल्युमिनियम, यांच्याशी तिची पोटात गाठ बसते आणि ती न शोषता बाहेर जाते. मुलगा महिनाभर गोळ्या घेतो आणि गुण नाही म्हणतो, तेव्हा मी आधी विचारतो, दुधाबरोबर घेतोस का, झिंक कधी घेतोस. सोपी मांडणी अशी : डॉक्सी सकाळी नाश्त्यानंतर, झिंक-कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. मध्ये निदान तीन तास हवेत, दिवसभराचं अंतर मिळालं तर उत्तम. लोहाच्या बाबतीत तर शक्य तितकं लांब ठेवा, कारण शोषलेली डॉक्सीही परत आतड्यात उतरते आणि तिथे लोह तिला धरून ठेवतं.

डॉक्सी मोठा पेला भरून पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने, आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्याने घेतली तर ती अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम होते, मग थुंकीही गिळवत नाही. उन्हाचं तर सांगायलाच नको. डॉक्सीवर असलेल्याने दुपारी किनाऱ्यावर उघड्या अंगाने फिरू नये, तासाभरात चेहरा भाजतो.

झिंकच्या पट्टीवर "झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ५५ मिग्रॅ" असं लिहिलेलं असतं, त्यातलं खरं झिंक २० मिग्रॅ. मोजायचं ते खरं झिंक. उपाशीपोटी घेतलं की मळमळ होते. महिनोन्महिने जास्त घेतलं तर तांबं कमी होतं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे नको.

शहाळ्याबद्दल : पेलाभर पाण्यात साधारण ६०० मिग्रॅ पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं. तरुण, मूत्रपिंड धडधाकट असलेल्या बाईला दिवसाला एक शहाळं त्रास देत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची काही गोळी चालू असेल तर मात्र विचारल्याशिवाय नको. पोटॅशियमच्या गोळ्या, पोटॅशियमचं सिरप आणि "कमी सोडियम"चं मीठ तर नकोच. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. स्पायरोनोलॅक्टोनही गर्भारपणात चालत नाही.

माडाची_सावली (वेंगुर्ला)

देव बरे करो सगळ्यांचं. मल्टीव्हिटॅमिन, कॉडलिव्हर, बायोटिन आजपासून बंद केलं, डॉक्सीची पट्टी कपाटातून काढली. सकाळी कोल्हापूरला फोन लावून अंधुक दिसणं, पेज आणि लग्नाची तारीख तिन्ही सांगितलं. डॉक्टर म्हणाले गोळी तूर्त थांबवा, डोळे तपासून घ्या, मग बोलू. लोह सकाळी, डी रविवारी दुपारी. एकच राहिलं : गोळी परत सुरू झाली आणि एखाद्या दिवशी दुपारी विसरली, तर रात्री पेजेबरोबर घ्यायची की दुसऱ्या दिवशी दोन?

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

फोन केलात हे फार चांगलं झालं. दोन कधीच नाही. रात्रीचं जेवण नीट असेल तर तेव्हा घ्या. नुसती पेज असेल तर त्या दिवशीची सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नेहमीची एक. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना आयसोट्रेटिनॉइनची पट्टी सोबत न्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर तूर्त चष्मा लावू दे, या औषधाने डोळेही कोरडे पडतात.